शब्दचर्चा : 'डाओ'मधले 'स्वायत्त' कोणत्या अर्थाने?

प्रश्न : ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे अनेक संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या सामायिक नोंदवहीवरच्या, 'डाओ'साठी (DAO) 'विकेंद्रित स्वायत्त संस्था' हा शब्दप्रयोग रुळत चालला आहे. पण स्वायत्त म्हटले की विद्यापीठ किंवा महामंडळ डोळ्यापुढे येते, म्हणजे वरच्या कुणीतरी कारभाराची मोकळीक दिलेली संस्था. डाओला ही मोकळीक कोण देते? आणि निर्णय सभासदांच्या मतांनीच होत असतील, तर स्वायत्त काय उरते?

उत्तर : मोकळीक कुणीच देत नाही. इथे स्वायत्त असते ती अंमलबजावणी. ठराव माणसेच मांडतात, मतेही माणसेच देतात. पण मंजूर ठराव अमलात यायला अध्यक्षाची वा खजिनदाराची सही लागत नाही. पैसे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या, म्हणजे ब्लॉकचेनवर ठेवलेल्या प्रोग्रॅमच्या ताब्यात असतात आणि नियमही त्यातच लिहिलेले असतात. युनिस्वॉप या डिजिटल चलनांच्या अदलाबदलीच्या सेवेच्या डाओमध्ये ठरावाच्या बाजूने किमान ४ कोटी मते पडावी लागतात. मंजुरीनंतरही तो २ दिवस रोखून धरला जातो, म्हणजे ज्यांना तो पटला नाही त्यांना आपले पैसे काढून घ्यायला वेळ मिळतो.

काही जण 'स्वयंचलित' सुचवतात. ते मला पटत नाही. प्रोग्रॅम स्वतःहून जागा होत नाही, मंजूर ठराव चालवण्यासाठीही कुणाला तरी एक व्यवहार पाठवावा लागतो. मात्र तो कुणीही पाठवू शकतो, अमक्याच माणसावर काही अडत नाही.

या स्वायत्ततेची धार २०१६ मध्ये दिसली. इथेरियम या ब्लॉकचेनवर 'द डाओ' याच नावाच्या उपक्रमात सुमारे १५ कोटी डॉलर मोलाचे ईथर (इथेरियमचे चलन) जमले होते. त्याच्या प्रोग्रॅममध्ये पैसे परत देताना आधी ईथर पाठवायचे आणि शिल्लक नंतर कमी करायची, असा क्रम होता. १७ जूनला एकाने ईथर हाती पडताक्षणी पुन्हा मागणी करणारा प्रोग्रॅम लावला. शिल्लक जुनीच दिसत राहिल्याने प्रत्येक मागणी मान्य होत गेली आणि सुमारे ३६ लाख ईथर वळते झाले. सगळे बघत होते, पण थांबवण्याचा अधिकार कुणाकडेच नव्हता. ते ईथर काही आठवडे काढता येणार नव्हते, एवढाच काय तो दिलासा. त्या मुदतीत, २० जुलैला, इथेरियमची साखळीच (ब्लॉकचेनच) दुभंगून ते परत मिळवावे लागले. हा हस्तक्षेप ज्यांना मान्य नव्हता त्यांनी जुनी साखळी 'इथेरियम क्लासिक' या नावाने चालू ठेवली.

आणखी एक उत्तर : मला प्रश्नातला 'सभासद' जास्त खटकतो. सहकारी संस्थेत माणशी एक मत असते. बहुतेक डाओंत टोकनामागे (ब्लॉकचेनवर नोंदलेल्या डिजिटल नाण्यामागे) एक मत असते, आणि टोकन विकत मिळते, उसनेही मिळते. एप्रिल २०२२ मध्ये बीनस्टॉक या इथेरियमवरच्या उपक्रमात हेच झाले. एकाने प्रचंड कर्ज उचलले, त्यातून दोन तृतीयांशांहून अधिक मते मिळवली, आपलाच ठराव मंजूर करून खजिना उपसला आणि कर्ज फेडून टाकले. हे सारे एकाच व्यवहारात घडले! बीनस्टॉकचे सुमारे १८ कोटी डॉलरचे नुकसान झाले. नियम एकही मोडला गेला नव्हता, म्हणून तर ते इतके अस्वस्थ करते. कित्येक डाओंत मतदान सुरू होण्याआधीच्या ठरावीक ब्लॉकला (साखळीतल्या नोंदींच्या एका गठ्ठ्याला) कुणाकडे किती टोकन होती, त्यावरच मते मोजतात; उसनी मते मग उपयोगाची नसतात. तेव्हा 'टोकनधारक' म्हणावे. 'विकेंद्रित'सुद्धा, टोकन कुणाकडे किती साठली आहेत ते पाहूनच लिहावे.

वापराविषयी : 'संस्था' मनात असल्याने 'ती डाओ' सहज येते, तेच ठेवावे. ठराव, गणपूर्ती, खजिना हे शब्द चपखल बसतात. आपले मत दुसऱ्याकडे सोपवले तर त्याला 'मुखत्यार' म्हणता येईल. पण 'कौल' आणि 'ठराव' यांत फरक करावा. स्नॅपशॉटसारख्या मतदानाच्या संकेतस्थळावर मतदान साखळीबाहेर होते, त्याला शुल्क पडत नाही. आणि पुष्कळदा त्यानंतर पैसे हलतात ते ठरावीक लोकांपैकी पुरेशा जणांनी सह्या केल्यावरच. त्यांनी सह्या नाकारल्या तर कौल तसाच पडून राहतो. अशा डाओला 'विकेंद्रित' म्हणायला वाव आहे. 'स्वायत्त' मी म्हणणार नाही.