प्रतिसाद: मॉडेल रेल्वेच्या डब्याच्या आतलं काम, दिवसाचं की रात्रीचं?

भावा, मॉडेल डब्यात बर्थ आणि माणसं बसवण्याबद्दल 'खिडकीच्या गजांतून आतलं काय दिसतंय, उगाच वेळ कशाला घालवायचा' हे तुझं म्हणणं दिवे नसलेल्या डब्याला लागू. दिवे लावलेस की रिकामं पोट लगेच दिसतं.

आधी वेळ ठरव. महालक्ष्मी एक्सप्रेस कोल्हापूरहून रात्रीची धावते, म्हणजे मधला बर्थ वर उघडलेला आणि माणसं आडवी हवीत. दिवसाची गाडी असेल तर तोच बर्थ खाली, पाठ टेकायला. इथंच बरेच जण फसतात. जुन्या आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या धाटणीच्या) स्लीपरमध्ये ९ कप्पे, ७२ बर्थ. एलएचबीत, म्हणजे नव्या जर्मन धाटणीच्या डब्यात, ८०, त्यामुळे एकाचा साचा दुसऱ्यात चालत नाही.

एचओला, म्हणजे १:८७ या मॉडेलच्या प्रमाणाला, सहा फुटी बर्थ साधारण २१ मिलिमीटर. तो करायला माउंट बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा, पुरतो. निळा रंग चकचकीत नको, मॅट घे. बसलेल्या माणसांचे पाय खुशाल काप, कुणी बघत नाही. एलईडी पांढरा घे, आपल्या गाडीत ट्यूबलाइट असायची. पिवळ्या उजेडात सगळं परदेशी वाटतं. लुकलुकत असेल तर कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) जोड. आणि छत चिकटवू नकोस, नुसतं दाबून बसव.

बर्थखाली कोल्हापुरी चप्पल ठेवायची हौस असेल तर ती भरते ३ मिलिमीटर. नाद खुळा!