वडिलांच्या जागी आईचा पीएम किसानचा अर्ज नामंजूर, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वडील वारल्यावर वारस फेरफार मंजूर झाला, सातबारा आईच्या नावावर आला. दीड एकर कोरडवाहू. वडिलांना वर्षाला पीएम किसानचे ६००० आणि नमो शेतकरीचे ६००० मिळायचे. पेरणीच्या तोंडावर बी-बियाण्याला तोच मोठा आधार होता.

आईची नवीन नोंदणी केली. खात्याला आधार जोडलंय, ई-केवायसी झाली, फार्मर आयडीही आहे. तरी अर्ज नामंजूर! कारण काय, तर जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झाली. अहो, पण मालकाच्या मृत्यूमुळे वारसाने आलेल्या जमिनीला नियमातच सूट आहे. विधवा बाईला खरेदीदाराच्या रांगेत का बसवायचं? तालुक्याला विचारलं तर ऑनलाइन बघा म्हणतात.

कुणाचं असं प्रकरण मार्गी लागलंय का? फेरफार आणि मृत्यू दाखला जोडून त्याच अर्जात दुरुस्ती होते, की पुन्हा नोंदणी करावी लागते? लेखी अर्ज तहसीलदारांकडे द्यायचा की कृषी कार्यालयात? पीएम किसान लागलं की नमोचा मार्गही मोकळा होईल, म्हणून आधी हेच सोडवायचंय. मधले बुडालेले हप्ते मिळाले असतील तर तेही सांगा.