पोलो: खेळ मणिपूरचा, नाव बाल्टिस्तानचं

आधुनिक पोलो मणिपूरहून आला म्हणून 'पोलो' हा शब्दही मणिपुरीच असणार, असं कुणालाही वाटेल. पहिला भाग अगदी मान्य. १८५९ साली आसामातल्या सिलचरला चहामळेवाल्या इंग्रजांनी क्लब काढला तो मणिपुरी लोकांचा खेळ बघून, शिकूनच. शब्द मात्र पार दुसऱ्या टोकाचा, काश्मीरच्या उत्तरेकडच्या बाल्टिस्तानातल्या बाल्टी भाषेतला, आणि त्याचा अर्थ नुसता 'चेंडू'.

मणिपुरीत या खेळाला 'सगोल कांगजै' म्हणतात. सगोल म्हणजे घोडा. एका बाजूला सात खेळाडू, चेंडू बांबूच्या मुळाचा, आणि गोलपोस्ट नाहीतच: चेंडू मैदानाच्या टोकापार गेला की गोल. पोलोचा इतिहास सांगताना हे मूळ नाव गाळलं जातं, याचं फार वाईट वाटतं. इंफाळच्या 'मापाल कांगजैबुंग' या मैदानाच्या नावात ते अजून टिकून आहे.