मान न धरलेल्या बाळाला स्लिंगमध्ये घेऊन बाहेर न्यावं का?

रंकाळवेस_आई:

माझी मुलगी नऊ आठवड्यांची आहे. छत्तिसाव्या आठवड्यात झाली, जन्माचं वजन २ किलो १००, आता ३ किलो ६०० भरलंय. बारशाला नणंदेनं स्लिंग दिली. खांद्यावरून तिरकी घालायची, पोटाशी खोलगट पिशवीसारखी. बाळ आत आडवं, मुटकुळं करून झोपतं.

परवा संध्याकाळी तिला त्यात घेऊन महाद्वार रोडला दुपटी आणायला गेले होते. गर्दी होती, म्हणून तिच्या तोंडावर स्लिंगचा काठ ओढून घेतला. वीसेक मिनिटं ती अगदी गप्प होती. मला वाटलं, छान झोप लागलीय. जोतिबा रोडच्या वळणावर एका दुकानाच्या पायरीवर टेकले आणि कापड बाजूला केलं, तर हनुवटी छातीत रुतलेली, नाक माझ्या ओढणीत, कपाळ घामानं ओलं. श्वासाचा बारीक घरघर आवाज येत होता. तशीच उचलून उभी धरली. तिनं एक मोठा श्वास घेतला आणि रडली. त्याच रात्री डॉक्टरांना दाखवलं, सगळं ठीक आहे म्हणाले. पण तेव्हापासून माझे हात थरथरतात. रात्री तीनतीनदा उठून तिच्या नाकाशी बोट धरते.

सासूबाई त्या दिवशी निघतानाच म्हणाल्या होत्या, "अजून मान धरली नाही पोरीनं, आणि त्या पिशवीत घालून कुठं निघालीस?" मी ऐकलं नाही. आता स्लिंग खुंटीला आहे. पण अडचण खरी आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. नवरा शिरोली एमआयडीसीत शिफ्टला जातो, थोरल्याला बालवाडीतून आणायचं काम माझं, आणि सासूबाईंचे गुडघे जिना चढू देत नाहीत. चूक स्लिंगची, माझ्या बांधण्याची, की तिच्या वयाची? शेतावर जाणाऱ्या बायका झोळीत पोरं नेतातच की.

नवजात_सिस्टर:

अगं पोरी, आधी हे ऐक. तू थांबलीस, कापड उघडून बघितलंस आणि तिला सरळ धरलंस. तेच करायचं असतं.

माझी नोकरी नवजात बाळांच्या वॉर्डात गेली, २२ वर्षं. आम्ही नवीन आयांना पहिल्याच दिवशी सांगायचो, गप्प बाळ म्हणजे झोपलेलं बाळ असं धरून चालू नका. या वयात डोकं अंगाच्या मानानं जड आणि मानेत बळ नाही. श्वासनळी मऊ आणि अरुंद. बाळ मुटकुळं झालं की हनुवटी छातीला लागते आणि बागेतली रबरी नळी मुडपावी तशी वाट दबते. दुसरा धोका नाकातोंडाशी आलेल्या कापडाचा किंवा आईच्या अंगाचा. मोठं माणूस मान फिरवेल, एवढ्या लहान बाळाला ती फिरवता येत नाही. रडायलाही श्वास लागतो गं, म्हणून ते रडत नाही. नाकतोंड पूर्ण दाबलं गेलं तर एकदोन मिनिटांचा खेळ असतो.

तुला भीती घालायची नाही, पण कळायला हवं म्हणून सांगते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं मार्च २०१० मध्ये याबद्दल इशारा दिला होता. त्याआधीच्या २० वर्षांत स्लिंगशी संबंधित १४ बाळं गेल्याची त्यांच्याकडे नोंद होती आणि त्यातली १२ चार महिन्यांच्या आतली होती. त्यांत कमी वजनाची जुळी, अपुऱ्या दिवसांची, सर्दीनं नाक चोंदलेली बाळं बरीच होती. तुझी लेक वेळेआधी झालीय, म्हणून तिच्या बाबतीत जास्त जपायचं. ती खोलगट पिशवी आता वापरूच नकोस आणि दुसऱ्या कुणाला देऊही नकोस.

पण बाळाला छातीशी बांधणंच वाईट, असं म्हणू नकोस. याहून लहान, दीड-दोन किलोची बाळं आम्ही स्वतः आयांच्या छातीला बांधून द्यायचो. त्याला कांगारू पद्धत म्हणतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती सुरू झाली. फरक सगळा ठेवणीत आहे. बाळ उभं, छातीला छाती, गाल तुझ्या छातीवर टेकलेला, तोंड एका बाजूला वळलेलं, हनुवटी किंचित वर. हनुवटीखाली तुझी दोन बोटं सहज बसली पाहिजेत. मान खाली घातलीस की तिच्या टाळूची पापी घेता यावी इतकी ती वर हवी, आणि नाकतोंड तुला हात न लावता दिसलं पाहिजे. कापड पाठीवर घट्ट हवं. सैल असलं की बाळ घसरतं आणि पुन्हा मुटकुळं होतं. पाय बेडकासारखे, गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर, म्हणजे खुब्यालाही चांगलं. आणि अंगावर पाजायचं झालं तर पाजून होताच पुन्हा उभी कर. पिता पिता झोप लागली की चेहरा कापडात जातो.

वाकायचं झालं तर गुडघ्यातून खाली बस आणि एक हात तिच्या पाठीला ठेव. सर्दी असेल त्या दिवशी बांधूच नकोस.

राजारामपुरी_७वी_गल्ली:

माझा मुलगा आता दीड वर्षाचा आहे. मी दोन कड्यांची स्लिंग वापरली. कड्यांतून कापड ओढून पाहिजे तेवढं घट्ट करता येतं, हा तिचा मोठा फायदा. दर वेळी घालण्याआधी शिवण आणि कडी तपासायची, पहिले काही दिवस पलंगाच्या अगदी जवळ उभं राहून सराव करायचा. आणि उन्हाळ्यात बाळाला टोपरं, स्वेटर घालून वर स्लिंग बांधू नका, ते कापड आणि आपलं अंग मिळून ऊब पुरेशी होते.

झोळीचं म्हणाल तर माझी आजी कागलजवळच्या गावची. ती सांगायची, सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडायची नाही, आणि पाठीशी बांधायचं ते मान धरलेलं पोर. मधल्या काळात घरात कुणीतरी मांडीवर घ्यायला असायचं. आपल्याकडे ते माणूस राहिलं नाही, म्हणून आपण स्लिंग शोधतो.

उपनगर_बाबा:

एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. स्लिंगमध्ये बाळ घेऊन दुचाकीवर मागे बसू नका. आम्ही एकदा केलंय. दसरा चौकात समोरचा रिक्षावाला अचानक वळला, मी ब्रेक दाबला, बायको माझ्या पाठीवर आदळली आणि बाळ आमच्या दोघांच्या मध्ये दाबलं गेलं. लागलं नाही, पण त्या दिवसापासून बाळासाठी दुचाकी बंद केली.

केंद्राच्या २०२२ च्या नियमात ४ वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर नेताना सुरक्षा हार्नेस, म्हणजे मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, सांगितलाय, ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांना हेल्मेटही, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. स्लिंग हा तो हार्नेस नव्हे. आणि ९ महिन्यांच्या आतल्या बाळाला त्यात हेल्मेट सांगितलेलं नाही, म्हणजे त्याला दुचाकीवर तसंच नेलेलं चालतं असा अर्थ कुणी काढू नये.

रंकाळवेस_आई:

सिस्टर, तुमचं उत्तर सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांना म्हटलं, तुमचं बरोबर होतं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं पोरीला मांडीवर घेतलं.

आतेबहिणीकडून कड्यांची स्लिंग आणली आहे. काल कपाटाच्या आरशासमोर उभी राहून बांधली. पहिल्यांदा हनुवटीखाली एकच बोट बसलं, कापड खाली सैल राहिलं होतं. सोडून पुन्हा ओढलं, तेव्हा दोन्ही बसली. सासूबाई बाजूला उभ्या राहून दर थोड्या वेळानं स्वतःची बोटं घालून बघत होत्या. दहा मिनिटं घरातच फिरले. जिना अजून उतरले नाही, थोरल्याला सध्या शेजारच्या काकू आणतात.

नवजात_सिस्टर:

घाई नको. पुढच्या लसीला जाशील तेव्हा ती स्लिंग बरोबर घे आणि डॉक्टरांसमोरच बांधून दाखव. जिना त्यानंतर.