वावरात डिझेल सांडलं, जंतू ते खातात म्हणजे नेमकं काय करतात?

केळीवाला, रावेर
राम राम मंडळी. विहिरीवरच्या इंजिनाजवळ कॅन लवंडला, १० लिटर डिझेल काळ्या मातीत जिरलं. जवळची सहा केळी पिवळी पडली. मुलगी बी.एस्सी.ला आहे, ती म्हणते जमिनीतले जंतूच ते खातील. पण जे पाण्यात मिसळत नाही ते जंतू पचवतील कसं? विहीर वीस पावलांवर आहे, जीव तिथंच अडकलाय.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, भुसावळ
दादा, मुलगी बरोबर बोलतेय. डिझेल म्हणजे मुख्यतः कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या. त्यात ऑक्सिजन नाही, म्हणून धरायला कुठे जागाच नाही. काही जंतूंकडे अल्केन हायड्रॉक्सिलेज नावाचं विकर (म्हणजे एन्झाइम, रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) असतं, त्याच्या गाभ्यात लोहाचे दोन अणू. ते हवेतल्या ऑक्सिजनचा रेणू फोडतं: एक अणू साखळीच्या टोकाच्या कार्बनवर बसतो, दुसऱ्याचं पाणी होतं. साखळीचं झालं अल्कोहोल, मग आल्डिहाइड, मग मेदाम्ल. मेदाम्ल म्हणजे आपल्या शेंगदाणा तेलात असतात त्यांचंच भावकीतलं. ते दोन-दोन कार्बन तोडून खायला जंतूंना जड जात नाही. सगळी मेहनत पहिल्या अणूची! वर्गात या पायरीवर मी दरवर्षी जास्तच रेंगाळते.

आता तुमचं काम. हवा नसेल तर हे विकर रिकामं बसतं, आणि आपली काळी माती ओली झाली की गच्च होते. भिजलेली माती आजच उकरा, विहिरीपासून लांब जाड प्लास्टिकवर वीतभर थरात पसरा. डिझेलात नत्र जवळजवळ नसतं, म्हणून शेणखत आणि थोडा युरिया मिसळा. ओल ठेवा, चिखल नको. आठवड्याला खालीवर करा, पावसात झाका. काही महिने लागतील.

धुळेकर
आनंद मोहन चक्रवर्तींनी तेल खाणारा जंतू घडवला होता ना? १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्याच्या पेटंटचा निकाल लागला. तसला विकत आणला तर?

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, भुसावळ
पैसे घालवू नका. हे काम करणारे जंतू बहुतेक मातीत आधीच असतात, त्यांना फक्त हवा आणि नत्र द्या. दादा, खड्ड्याच्या तळाची माती हुंगून पाहिली का?

केळीवाला, रावेर
ताई, दुपारीच उकरलं. हातभर खोल गेल्यावर वास थांबला, तरी आणखी वीतभर काढली. विहिरीत बादली सोडून पाहिली, तवंग नाही. तरी सध्या ते पाणी प्यायला घेत नाही. मुलगी शेणखत कालवतेय.