हलका, परवडणारा लॅपटॉप: नवा ८ जीबीचा की रिफर्बिश्ड १६ जीबीचा?

निळीशाई
धाकट्या भावासाठी लॅपटॉप बघतेय. संख्याशास्त्राची पदवी करतोय. सध्या ब्राउझर, वर्ड, एक्सेल, पुढे आर आणि पायथन (प्रोग्रॅमिंगच्या भाषा). गेमिंग अजिबात नाही. रोज पाठीवर न्यायचा आहे, म्हणून चार्जर धरून पावणेदोन किलोच्या वर नको. बजेट बेताचं.

दोन पर्याय जवळपास सारख्या किमतीत आहेत:
(अ) नवा, १५.६ इंची, रायझन ५ ७५२०यू, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १.६ किलो.
(ब) रिफर्बिश्ड (म्हणजे वापरलेला, दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला), १४ इंची बिझनेस मॉडेल, कोअर आय५ ११३५जी७, १६ जीबी, २५६ जीबी एसएसडी, १.४ किलो.

विक्रेत्याचं म्हणणं, (अ) घ्या, प्रोसेसर नव्या पिढीचा आहे आणि रॅम नंतर वाढवता येईल. हे बरोबर आहे का?

सुटेभाग
रॅमचं म्हणणं चुकीचं आहे. ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ प्रकारची रॅम घेतो, आणि अशा लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. स्लॉटच नाही, तर वाढवणार कुठे? आज ८ जीबी घेतलीत की शेवटच्या वर्षापर्यंत ८ जीबी. त्यातलीही थोडी अंतर्गत ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली असते.

'नव्या पिढीचा' हेही अर्धसत्य. एएमडीच्या ७००० मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये तिसरा आकडा बघायचा, आर्किटेक्चर, म्हणजे आतली मूळ रचना, तिथे कळतं. ७५२०यू मध्ये २ म्हणजे झेन २, जे २०१९ मध्ये बाजारात आलं. ७५३०यू मध्ये ३ म्हणजे झेन ३, आणि त्यात चारऐवजी सहा कोअर. नावात दहाचा फरक, कामात बराच मोठा. दोन्हींवर स्टिकर मात्र 'रायझन ५' हाच.

(ब) मधला ११३५जी७ हा २०२० चा. त्यातही ४ कोअर, ८ थ्रेड. एका कोअरवर चालणाऱ्या कामात तो ७५२०यू पेक्षा मागे पडत नाही आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसतो.

आता संख्याशास्त्राचा भाग. आर सगळा डेटा रॅममध्ये उघडतो आणि त्यात बदल करताना पुष्कळदा आख्खी प्रत बनवतो. पायथनमधल्या पँडास या डेटा हाताळायच्या लायब्ररीचंही तसंच, मजकुराचे रकाने जास्त असले तर सीएसव्ही फाइल डिस्कवर असते त्याच्या काही पट जागा रॅममध्ये खाते. विंडोज आणि उघडे टॅब मिळून ८ पैकी निम्मी आधीच गेलेली असते. उरलेली भरली की मशीन एसएसडीचा आधार घेतं, माउस अडखळायला लागतो, आणि मुलाला वाटतं आपला कोडच चुकला.

माझं मत (ब). फक्त एक विचारून घ्या: १६ जीबी एका पट्टीत आहे की ८-८ च्या दोन? एकच पट्टी असली तर रॅम सिंगल चॅनलवर (एकाच मार्गाने) चालते आणि ग्राफिक्स मंदावतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'आयरिस एक्सई'ऐवजी नुसतं 'यूएचडी' दिसलं तर समजा सिंगल चॅनल आहे. अभ्यासाचं काम अडत नाही, पण माहीत असावं.

काटकसर
(ब) ला माझाही होकार, पण रिफर्बिश्ड डोळे मिटून घेऊ नका. परत करायची मुदत असेल तरच घ्या आणि त्या मुदतीत हे तपासा:

१. रीसेट करून इंटरनेट जोडूनच विंडोजचं सेटअप करा. मध्येच एखाद्या कंपनीच्या नावाचं लॉगिन पान आलं, तर मशीन अजून त्या कंपनीच्या खात्याला बांधलेलं आहे. तसंच परत करा. इंटरनेट न जोडता सेटअप केलं तर हे लक्षातच येत नाही.
२. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) शिरून बघा. पासवर्ड मागितला तर तेही परत. बिझनेस मॉडेलचा बायोस पासवर्ड बॅटरी काढून जात नाही.
३. पॉवरसीएफजी कमांडने बॅटरी रिपोर्ट काढा. मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्ज क्षमता, या दोन आकड्यांची तुलना करा.
४. स्क्रीन १९२०×१०८० आयपीएस आहे ना? याच मॉडेलच्या १३६६×७६८ वाल्या स्वस्त आवृत्त्याही असतात. त्यात एक्सेलचे जेमतेम रकाने मावतात.
५. सगळ्या कळा एकेक दाबून बघा, झाकण एका कोपऱ्याने धरून उघडा. बिजागरी कुरकुरली किंवा कडेची चौकट उचलली गेली तर नको.

टचपॅड मधोमध फुगलेला वाटला तर खालची बॅटरी फुगली आहे. मशीन बंद करा, चार्ज करू नका.

निळीशाई
धन्यवाद दोघांना. विक्रेत्याकडून बॅटरी रिपोर्ट मागवला: मूळ ५३ वॉट-तास, आत्ता ३८. चालेल? आणि २५६ जीबी पुरेल का? शिवाय सोबतचा चार्जर चांगलाच जड आहे, पिनचा.

सुटेभाग
३८ म्हणजे सुमारे ७२ टक्के. लिहिणं-वाचणं, मध्यम प्रकाश असेल तर ७ वॉटच्या आसपास खर्च धरा, म्हणजे पाच-साडेपाच तास. व्हिडिओ कॉलवर त्याहून बरंच कमी. दिवसभराच्या तासिकांना अपुरं पडेल, म्हणून नव्या बॅटरीचा खर्च आत्ताच किमतीत धरा, किंवा तेवढी घासाघीस करा. बिझनेस मॉडेलमध्ये ती खालचे स्क्रू काढून बदलता येते.

२५६ जीबी विंडोजमध्ये २३८ दिसेल. या अभ्यासाला पुरे. पुढे एसएसडी बदलायची झालीच तर एम.२ २२८० (८० मिमी लांबीची) एनव्हीएमई एसएसडी बसते का ते मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. काही ठिकाणी आखूड २२४२ च लागते. बदलण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर जुन्या डिस्कवरचा डेटा कुलूपबंद राहील.

काटकसर
चार्जरचं सोपं आहे. टाइप-सी पोर्टमधून चार्ज होत असेल तर ६५ वॉटचा छोटा गॅन (गॅलियम नायट्राइडचा, आकाराने लहान) चार्जर घ्या, फोनलाही चालेल. केबल मात्र ५ अँपिअरची हवी. साधी ३ अँपिअरची ६० वॉटवर थांबते, चालते पण थोडं हळू. आधी सर्व्हिस मॅन्युअल बघा, कारण टाइप-सी दिसलं म्हणजे त्यातून चार्जिंग होईलच असं नाही. काही पोर्ट फक्त डेटाचे असतात.