उन्हाळ्यात प्रेसची ड्युटी फोडली तं पोट्टे माझ्यावरच रुसले, चुकलो काय?

महालचा_प्रेसवाला
राम राम मंडळी. नागपूरच्या महाल भागात माझी छोटी ऑफसेट प्रेस (छापखाना) आहे, मी धरून बारा झन. मागच्या मे मध्ये लग्नपत्रिकांचा सीझन फुल चालू होता आन दुपारी अडीचच्या सुमारास मशीनमनला फीडरजवळच, म्हणजे कागद मशीनमध्ये जाते तिथंच, चक्कर आली. खाली बसवलं, डोक्यावर ओला दुपट्टा टाकला, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मंग म्हणते कसा, काही नाही भाऊ, सकाळपासून पाणीच पेलो नाही. काहून बे? तं म्हणे मशीन थांबवली की शाई-पाण्याचा बॅलन्स बिघडते, परत लाइनवर आणेपर्यंत पंधरा-वीस शीटा वाया जातात, मंग तुम्ही बोलता. ते ऐकून मीच गप झालो. मंग तो पाच दिवस घरीच होता.

कूलर लाव म्हणाल तं मशीनजवळ कूलर चालत नाही, कागद ओलावा धरते, लहरते आन डबल शीट जाते. म्हणून या उन्हाळ्यात टाईम बदलवला. आधी १० ते ७ होता, आता सकाळी ७ ते १२ आन मंग ४:३० ते ७:३०. तास आठच, पगार तोच. मले वाटलं पोट्टे खुश होतीन. चौथ्या दिवशी दोघं आलेच नाही आन बाइंडिंगच्या बाया माझ्याशी बोलून नाही राहिल्या. अरे मी तुमच्यासाठीच करून राहिलो ना, घरचेच समजतो मी सगळ्याईले.

वेल्डिंगवाला_वाडी
एकदम बरोबर केलं भाऊ. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मधात उघडतात, आपल्या विदर्भात ऊन पाहून जून संपता संपता. लेकराईले उशीर देतात, मोठ्याईनं काहून भाजून निघायचं? मीबी दुपारी १ ते ४ ग्राइंडर बंद ठेवतो. रुसले तं रुसू द्या, आठ दिवसात सवय होते.

कामठी_अपडाऊन
सवय कोणाले होते, ज्याचं घर दुकानाच्या वर आहे त्याले. मी इतवारीत नोकरीले आहे, आमच्या मालकानंबी दोन वर्षांआधी हेच केलं होतं. ७ ची ड्युटी म्हणजे पावणेसहाले घरून निघायचं आन रात्री नऊले घरात. तुम्ही आठ तास मोजता भाऊ पण सकाळी ७ ते रात्री ७:३० म्हणजे साडेबारा तास माणूस तुमच्याच हवाली आहे, मधातले साडेचार तास त्यानं कुठं काढायचे? घरी जा म्हणाल तं बाराले निघायचं आन साडेतीनले परत रस्त्यावर, म्हणजे ज्या उन्हातून तुम्ही त्याले वाचवून राहिले त्याच उन्हात दोनदा सोडून राहिले. मी तं एका मंदिराच्या ओट्यावर झोपत होतो, चप्पल उशाखाली घेऊन.

वेल्डिंगवाला_वाडी
मंग प्रेसमध्येच झोपायचं ना, कोण हाकलते?

कामठी_अपडाऊन
मालक समोर खुर्चीवर बसून असला की झोप येते काय तुमाले? दहा मिनिटात आवाज येते, रिकामाच आहेस तं एवढं पार्सल देऊन ये.

शेवटचा_फर्मा
मी बाइंडिंगचं काम करते, दुसऱ्या प्रेसमध्ये. दादा राग मानू नका, पण आमच्याकडे नळ सकाळी सहाले येते आन साडेसातले जाते, भांडेभर पाणी भरायचं, डबे करायचे, सासूबाईंच्या गोळ्या. सातले हजर व्हायचं म्हणजे हे सगळं कोणी करायचं? तुम्ही मशीनमनची चक्कर पाहून सगळ्याईचा टाईम बदलवला. फर्मे म्हणजे छापलेले कागद, त्याईच्या घड्या घालायले, मोजायले बसणाऱ्या बाया तं मशीनजवळ नसतातच. आन घरचे समजता म्हणता, तं घरच्याईले विचारत नाही काय आधी?

हिशोबनीस
मी छोट्या दुकानदारांचे पगारपत्रक करतो म्हणून थोडं बोलतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात सुट्टी धरून दिवस साडेदहा तासांच्या वर पसरू देऊ नका असं लिहिलं होतं, ते उगाच नव्हतं, फोडलेल्या ड्युटीत माणूस पिसला जाते हे तेव्हाच कळलं होतं. आता दुसरं, अकरा नोकर म्हणजे दहाच्या वर, तं ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, काढलं काय? २१ हजारापर्यंत पगार असणाऱ्याला लागू आहे. १६ हजाराच्या माणसाचे १२० कापले जातात आन तुमच्या खिशातून ५२० जातात. आजारी पडला तं वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळू शकते. चक्कर आल्यावर दुपट्टा ठीक आहे, पण तो पाच दिवस घरी राहिला त्याचा पगार दिला काय तुम्ही?

गांधीबाग_होलसेल
आले कायदेवाले 😄 भाऊ, १२० कापले तं पोट्टं महिनाभर तोंड फुगवून बसते, म्हणते मले कार्ड नको, नगद द्या. त्याले पाहिजे उचल. माझ्याकडून बहिणीच्या लग्नासाठी २० हजार उचलून एक पोट्टा गेला तो गेला, फोनबी लागत नाही. एवढी काळजी करून कोणी टिकत नाही, पगार १ तारखेले द्या, बाकी त्याईच्या घरच्या नळाचं आपण किती पाहायचं?

शेवटचा_फर्मा
१ तारखेले देता ते चांगलंच आहे काका, आमच्याकडे पगाराले ७ तारीख होते. पण नळ पाहू नका, टाईम लावायच्या आधी विचारा एवढंच म्हणून राहिली.

महालचा_प्रेसवाला
सगळं वाचलं. पाच दिवसांचा पगार दिला होता, अर्धा. हो, अर्धाच. ईएसआय नाही काढलं, मशीनमन २३ हजारावर असल्यानं त्याले लागलंच नसतं असं स्वतःले समजावलं होतं, बाकी दहाचं तं लागत होतं. मंदिराच्या ओट्याचं वाचून कसंतरीच झालं, माझा एक हेल्परबी हिंगण्यावरून येते, तो दुपारी कुठं जाते हे मी कधी विचारलं नाही.

आता असं वाटून राहिलं की मशीनवाले दोघं ७ ते ३ सलग, दर तासाले दहा मिनिटं मशीन बंद, शीटा गेल्या तं गेल्या. बाइंडिंग आधीसारखं दहालेच. फक्त गिऱ्हाईक प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, पाहायले संध्याकाळीच येते, तेव्हा मशीनवर कोण, ते जमून नाही राहिलं. उद्या सकाळच्या चहाच्या वेळेले सगळ्याईले विचारतो.

वेल्डिंगवाला_वाडी
शीटा गेल्या तं गेल्या म्हणणं सोपं आहे, कागदाचं बिल आल्यावर सांगा.

कामठी_अपडाऊन
चहाच्या वेळेले मालकानं समोर उभं राहून विचारलं तं सगळे हावच म्हणतीन. चिठ्ठ्या टाकायले सांगा, नाव न लिहिता.

महालचा_प्रेसवाला
हे पटलं. चिठ्ठ्याईले कागद आणायची गरज नाही, कटिंगची कतरण पोतंभर पडून आहे.